चुन्याच्या निवळीचा रकाना

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही कुठं असता?" तर मी सांगते, "दूध संघात." पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे दूध तपासता?" नाही. "मग ऑफिसात लिहिता?" तेही नाही. म्हशीच्या पोटात गेलेलं कॅल्शियम रक्तात किती उतरतं, हाडात किती जातं आणि दुधातनं किती बाहेर पडतं, याची समीकरणं मी मांडते. असं खरं उत्तर एकदा शहापूरच्या एका पंगतीत देऊन बघितलं. समोरच्या बाई ताटातली जिलेबी संपेपर्यंत माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग शेजारणीला म्हणाल्या, "शिकल्याली हाय, पण काय शिकल्याली कळंना."

आमच्या आप्पांनाही कळलं नव्हतं. आम्ही वडगावचे विणकर. घरात माग, गल्लीत माग, झोपेतसुद्धा मागाचा आवाज. त्या गल्लीतनं कॉलेजात गेलेली पहिली मी. गणितात एम.एस्सी. झाले तेव्हा आप्पांनी माझी पदवी काचेत बसवून दारातनं दिसेल अशी लावली आणि तिला हार घातला. हार बघून एक नवा पोस्टमन हळहळला होता. नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "म्हशीच्या पोटातलं गणित? आणि त्येचा पगार देत्यात?"

"देत्यात आप्पा."

"मग म्हशीला एकदा इचारून घे. तिला चालतंय का बघ."

या अंकाच्या संपादकांनी कामातले अनुभव लिहा म्हटलं. सव्वीस वर्षांत अनुभव काय थोडे झाले? पण लिहायला बसले की एकच पुढं येतो, आणि तो हेव्याचा आहे. त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही. तरी तोच लिहिते.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. तीन हौद डोळ्यांपुढं आणा. पहिला पोटाचा, त्यात चाऱ्यातनं कॅल्शियम येतं. दुसरा रक्ताचा. हा अगदी लहान, पण याची पातळी खाली गेलेली चालत नाही. गेली की म्हैस थरथरते, बसते, उठत नाही. तिसरा हाडाचा, सगळ्यांत मोठा. म्हैस व्याली की रक्ताच्या हौदाला दुधाचं मोठं भोक पडतं. पोटातनं पुरेसं येत नसलं तर हाड आपल्यातलं विरघळवून रक्ताला देतं. म्हणजे चांगली दुभती म्हैस रेडकाला आणि आपल्याला आपलं हाड पाजत असते. हौदात दर तासाला किती येतं आणि किती जातं, हे समीकरणात लिहायचं, कॉम्प्युटरला द्यायचं आणि महिन्याभरानं कुठल्या हौदात किती उरेल ते विचारायचं. याला मॉडेल म्हणतात. बाकी काही जादू नाही.

प्रत्येक नळाला एक आकडा असतो. त्यातला सगळ्यांत नाठाळ आकडा पोटातनं रक्तात जाणाऱ्या नळाचा. आम्ही त्याला 'मुरण' म्हणायचो. चाऱ्यात कॅल्शियम असलं म्हणून ते सगळं मुरत नाही. भाताच्या वाळल्या पेंढ्यात, म्हणजे पिंजारात, आणि उसाच्या वाड्यात, म्हणजे ऊसतोडीत निघणाऱ्या हिरव्या शेंड्यांत, ऑक्झलेट नावाचा पदार्थ असतो. तो कॅल्शियमला मिठी मारतो आणि दोघं मिळून शेणातनं बाहेर जातात. प्रयोगशाळेच्या कागदावर कॅल्शियम भरपूर आणि म्हैस उपाशी, असं होतं ते यामुळं.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. कंग्राळीचे एक गृहस्थ मुद्दाम ऑफिसात आले. "मॅडम, तुमच्या मशिनीवर जरा बघून सांगा, आमच्या म्हशीला रेडी हुनार का रेडा?" मी म्हटलं, त्यातलं मला कळत नाही. "मग पोटातलं काय कळतंय तुमास्नी?" म्हणून रागावून गेले. दुसऱ्या एकांचा फोन आला. म्हशीनं सासूबाईंची डावी चप्पल खाल्ली, उजवी शिल्लक आहे, विष बाधेल का? मी फोनवरच सांगितलं, चप्पल राहू दे, तिला फॉस्फरस कमी पडतोय, म्हणून ती हाडं, चामडं चघळते. फॉस्फरस सुरू केला, महिन्यात चपला वाचल्या. ते गृहस्थ पेढे घेऊन आले आणि पुडा ठेवला उज्ज्वलाच्या टेबलावर. सांगितलं मी, पण गोठ्यात जाऊन म्हशीच्या तोंडात हात घातला तिनं.

उज्ज्वला आमची जनावरांची डॉक्टर. माझ्याच वयाची, हिंडलग्याच्या शेतकरी घरातली. पण शेतकरी म्हणजे कसे, आजोबा शाळामास्तर, वडील स्वतः जनावरांचे सरकारी डॉक्टर. त्यांच्या घरी पदव्या भिंतीवर नसत, कपाटात कागदांखाली कुठंतरी असत. मी एकदा त्यांच्या घरी गेलते तेव्हा तिची पदवी तिला सापडेना. "असंल की गं इथंच," म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मला त्या दिवशी तिचा इतका राग आला, की चहा गोड आहे का कडू ते कळलं नाही.

ती गोठ्यात शिरली की म्हैस मान वळवून बघायची. कानाला हात लावायची आणि म्हणायची, "हिचा कान गार लागतोय, कॅल्शियम उतरलंय." मी दोन दिवस कॉम्प्युटर चालवून जे सांगणार, ते ती एका हातात सांगायची. मला म्हशीजवळ जायची भीती वाटायची. मागाच्या घरात वाढलेल्या पोरीला शेपटीचा फटका कुठं ठाऊक असणार? गावातल्या बाया तिला 'आमच्या डॉक्टरीणबाई' म्हणत आणि मला 'आकडेबाई'. आमच्या विभागाच्या साहेबांशी ती कन्नडमध्ये थट्टा करायची. माझं कन्नड बाजारापुरतं, थट्टा करण्याएवढं नाही.

तिचं वागणं तरी वाईट असावं! तेही नाही. डब्यात अंबाड्याची भाजी असली की निम्मी मला. "शकू, तुझं गणित नसलं तर आम्ही आपले आंधळेच गं," असं चारचौघांत म्हणायची. ती मनापासून म्हणते हे मला कळायचं, आणि त्यामुळं जास्तच झोंबायचं. दुष्ट माणसाचा हेवा करणं सोपं असतं. चांगल्या माणसाचा करायला रोज नवीन कारण शोधावं लागतं. मी शोधायची.

संघाला एक ठरवायचं होतं. गावोगाव जी खनिजांची पावडर देतात, ती सगळीकडं एकच ठेवायची की भागाभागाला वेगळी? त्यासाठी मॉडेल हवं होतं. प्रकल्प उज्ज्वलाकडं होता. तिनं फॉर्म तयार केला. जनावर केवढं, दूध किती, चारा कुठला आणि किती. तोच फॉर्म घेऊन तिनं आणि तिच्या माणसांनी निपाणीकडच्या गावांत माहिती गोळा केली, म्हशींचं रक्त काढून आणलं. मी मॉडेल मांडलं. मुरणीचा आकडा मी आठ महिने झटून काढला होता. पिंजार किती, वाडं किती, त्यातलं ऑक्झलेट किती, सगळं धरून. आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरं काही केलेलं नाही.

आणि मॉडेल चुकलं. ऊसतोडीच्या दिवसांत निपाणीच्या म्हशी मॉडेलमध्ये आजारी पडायच्या. रक्ताचे कागद म्हणायचे, म्हशी ठणठणीत आहेत. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. साहेब म्हणाले, "मॅडम, म्हशी चुकल्या का तुम्ही?" सगळे हसले. उज्ज्वला हसली नाही. ती म्हणाली, "शकूचं गणित बरोबर असंल, साहेब. आपलंच कायतरी बघायचं राहिलंय."

यावर विश्वास ठेवला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मला ती दया वाटली. तिची दया मला नको होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले आणि मी मुरणीचा आकडा बदलला. फार नाही, दशांश चिन्हानंतरचा एक अंक वाढवला. दोन्ही रेषा एकमेकींवर येऊन बसल्या, जशी साडीची घडी बसावी.

आमच्या धंद्यात मोजलेल्या रक्ताला जुळेल असा आकडा बसवणं ही चोरी नव्हे, सगळेच करतात. पण बसवला तर तसं लिहून ठेवायचं असतं. आधी काय होता, आता काय केला, कशावरून. मी लिहिलं नाही. माझं गणित पहिल्यापासून असंच होतं असं दिसावं, म्हणून लिहिलं नाही.

साहेबांनी आलेख बघितला. "छलो बंतल्ल, मॅडम!" म्हणजे झकास जमलं, म्हणून पाठ थोपटली. उज्ज्वला बराच वेळ कागदाकडं बघत होती.

"वाड्यातनं एवढं मुरतंय, शकू?"

"आलंय की तसं."

"आमच्या वडलांनी ऐकलं तर म्हणतील, म्हशीचं पोट हाय का गाळणं!"

"तू रक्त बघ, उज्ज्वला. गणिताचं मी बघते."

तिनं कागद खाली ठेवला. ही जळते माझ्यावर, असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं, आणि लई बरं वाटलं.

मॉडेल म्हणत होतं की चाऱ्यातनं भरपूर मुरतं, मग पावडरीत कॅल्शियम एवढं कशाला? ते कमी केलं. नवी पावडर आधी खानापूरकडच्या थोड्या गावांत द्यायची ठरली. तिकडं ऊस नाही, भात. चारा म्हणजे पिंजार. दोन महिने काही झालं नाही. मग एक दिवस सकाळी उज्ज्वलाला फोन आला आणि ती मला म्हणाली, "चल गं, तूही चल. पावडर घातलेली म्हैस बसलीया."

खानापूरकडच्या त्या गावात पार्वतीकाकूंच्या घरामागच्या परड्यात म्हैस एका कुशीवर पडली होती. व्यायल्याला दीड महिना झालेला, घरातली सगळ्यांत दुधाळ. मान पोटाकडं वळलेली. काकू तिच्या तोंडाशी बसून होत्या. उज्ज्वलानं कानाला हात लावला, पिशवीतनं बाटली काढली आणि मानेच्या शिरेत सुई घातली. बाटली माझ्या हातात दिली.

"वर धर. मी सांगीन तशी खाली-वर कर. भसाभसा गेलं तर हिचं काळीज बंद पडंल."

बाटली धरून मी उभी. कॉम्प्युटरमध्ये जो हौद मी हजारदा भरला होता, तो पहिल्यांदा हातानं भरत होते. दुसरी बाटली निम्मी झाली तेव्हा म्हशीच्या अंगावरनं शहारा गेला. ती ढेकरली, शेण टाकलं. तिसऱ्या खेपेला चौघांनी आधार दिला आणि ती उभी राहिली. काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

"तुमची नवी पावडर घालाय लागल्यापास्नं ही मलूल झाली बगा. आदी आसं न्हवतं कदी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून उज्ज्वलाला विचारलं, "ह्या कोन म्हनायच्या?"

"ह्या आमच्या गणिताच्या मॅडम. पावडरीत काय किती घालायचं त्ये ह्याच ठरवितात." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मानानं ओळख करून दिली तिनं माझी.

म्हैस वाचली. पण आटली. त्या वेतात पुन्हा दूध आलं नाही.

परत येताना जीपमध्ये उज्ज्वला म्हणाली, "निपाणीत म्हशी बऱ्या, आणि खानापुरात बसत्यात. ऑक्झलेट दोन्हीकडं हाय. मग निपाणीत कुठनं येतंय कॅल्शियम? मी धारवाडच्या ट्रेनिंगवरनं आले की सोमवारी जाऊन बघते." मी हूं म्हटलं. मनात ठरवलं, सोमवारच्या आत मी बघणार. म्हशीसाठी नव्हे. तिच्या आधी.

शुक्रवारी रजा टाकली आणि बसनं निपाणीकडच्या एका गावात गेले. तिथं गौराक्का म्हणून होत्या. ज्यांच्या म्हशीचं रक्त कायम उत्तम यायचं, त्या ह्या. त्यांना म्हटलं, आज मी नुसती बसून बघणार, तुम्ही रोजचं काम करा.

"बगा की. आकडं काय गोठ्यात घावत्यात व्हय!" म्हणून त्या हसल्या.

त्यांनी शेण काढलं, धार काढली, विळ्यानं वाडं तोडून गव्हाणीत टाकलं. मग कोपऱ्यातल्या मडक्यावरचं झाकण काढलं, तांब्यानं वरचं नितळ पाणी घेतलं आणि वाड्यावर सगळीकडं शिंपडलं. इतक्या सवयीनं, जसं आपण तुळशीला पाणी घालतो.

"अक्का, हे काय शिंपडलं?"

"ह्ये व्हय? चुन्याची निवळी. राती चुना भिजवायचा, सकाळी वरचं पानी घ्याचं. वाडं असंल तवा घालाय लागतंय. न्हायतर जनावर हाडं धरतंय, त्येला उठाय-बसाय येत न्हाय. सासूबाई घालायच्या."

"रोज घालता?"

"वाडं रोज, तर निवळी रोज."

"मग आमच्या माणसांना फॉर्म भरताना का सांगितलं नाही?"

गौराक्कांनी कमरेवर हात ठेवले. "त्येनी चारा इचारला, चारा सांगितला. निवळी काय चारा हाय?"

मी गव्हाणीच्या कट्ट्यावर बसले. आमच्या घरी हातमाग होता तेव्हा आई ताण्याला खळ द्यायची. भाताच्या पेजेची खळ दिल्याशिवाय ताणा मागावर चढत नाही, तुटतो. पण साडीत काय काय आहे असं गिऱ्हाइकानं विचारलं, तर आई सूत सांगायची, रेशीम सांगायची. खळ कधी सांगितली नाही. लपवायची म्हणून नव्हे. ती कुणी सांगायची गोष्टच नव्हती. निपाणीच्या घराघरांत म्हशींना रोज चुन्यातलं कॅल्शियम मिळत होतं, आणि आमच्या एकाही कागदावर ते नव्हतं. खानापुरात ही रीत नाही, तिकडं वाडंच नाही.

पहिलं काय वाटलं ते खरं सांगते. म्हैस आठवली नाही, पार्वतीकाकू आठवल्या नाहीत. फॉर्म उज्ज्वलाचा होता, हे आठवलं.

सोमवारच्या मीटिंगीत मी उभी राहिले आणि निवळीचं सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "फॉर्मात चुन्याचा रकानाच नव्हता. त्यामुळं मॉडेल चुकलं." एकूणएक शब्द खरा. मुरणीचा आकडा मी फिरवला होता, एवढंच सांगितलं नाही.

सगळ्यांनी उज्ज्वलाकडं बघितलं. ती पेन टेबलावर ठेवून म्हणाली, "आमच्या घरी वाड्यावर निवळी घालतात. मी लहानपणापासनं बघितलंय, स्वतः घातलीया. रोज डोळ्यांपुढं होतं म्हणूनच लिहायचं सुचलं नाही. चूक माझी, साहेब. शकूनं काढली नसती तर कुणाला कळली नसती."

साहेबांनी प्रकल्प तिच्याकडनं काढून माझ्याकडं दिला. खानापूरची पावडर बंद झाली. घरोघर जाऊन नवी पावडर परत घ्यायचं आणि जुनी द्यायचं काम उज्ज्वलाकडं आलं, तेही तिनं मागून घेतलं. आणि ऑफिसात आठवडाभर काय चाललं होतं? निवळी मी शोधली, हे? नाही. "बघा, डॉक्टर मॅडमनी कशी चूक कबूल केली. धाडस लागतं त्याला." चूक करण्यातसुद्धा ती माझ्यापुढं गेली होती. शोध माझा, आणि कौतुक चुकणाऱ्याचं!

मग मी मॉडेलमध्ये निवळीचा रकाना घातला. रेषा आकाशात गेली. साहजिकच होतं, निवळीचं कॅल्शियम आता दोनदा धरलं जात होतं, एकदा रकान्यात आणि एकदा मी फुगवलेल्या मुरणीत. म्हणून माझा पहिला आकडा, आठ महिने झटून काढलेला, परत घातला.

निपाणीची रेषा रक्तावर येऊन बसली. खानापूरला निवळी शून्य धरली, तर ज्या आठवड्यात पार्वतीकाकूंची म्हैस बसली त्याच आठवड्यात मॉडेलमधली म्हैस बसली. काहीही न फिरवता. माझं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. वडगावच्या विणकराच्या पोरीनं, म्हशीला हात न लावता, म्हशीच्या पोटातलं बरोबर सांगितलं होतं.

खुर्चीत बसून मी रडले. आनंदानं तर रडलेच, पण पुढचं कळलं म्हणूनही. माझं पहिल्यापासून बरोबर होतं हे दाखवायचं, तर मधे मी ते फिरवलं होतं हेही दाखवावं लागणार. नाहीतर लोकांना काय दिसणार? निवळी धरल्यावर आकडेबाईनं आणखी एकदा आकडा जुळवून घेतला. कुणी मला काही विचारणार नव्हतं. गप्प राहिले असते तर अहवाल गेला असता, खाली दोन नावं लागली असती, माझं आणि तिचं, सगळं सुरळीत.

पण मला माझा पहिला आकडा हवा होता. तो माझा होता. यात सचोटी थोडी आणि हेवा जास्त होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही. निव्वळ सचोटीवर मी तोंड उघडलं असतं असं मला वाटत नाही.

पहिल्या आकड्याचा आणि फिरवलेल्या आकड्याचा, असे दोन्ही कागद घेऊन मी उज्ज्वलाकडं गेले. ती खानापूरला निघायच्या गडबडीत होती, पिशवी भरत होती. कागद हातात घेतले आणि उभ्या उभ्या वाचले. मग बसली आणि पुन्हा वाचले.

"हा आकडा पहिला?"

"व्हय."

"आणि मी वाड्यातनं एवढं मुरतंय का विचारलं, तवा हा दुसरा होता?"

"व्हय."

"मीटिंगीत माझा फॉर्म पुढं केलास, तेव्हा हे तुला ठाऊक होतं."

हा प्रश्न नव्हता, तरी मी व्हय म्हटलं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तिनं कागदावरच्या रेषेवरनं बोट फिरवलं. म्हणाली, "लई सुरेख गणित केलंयस गं, शकू. खरंच सुरेख." मग कागद सरळ करून माझ्या हातात दिले. "अहवालावरनं माझं नाव काढ."

"का? रक्त तू आणलंस. माहिती तुझी."

"रकान्याची चूक मी सगळ्यांपुढं घेतली. आकड्याची आता तू घे. खाली दोन नावं असली की कुणाचं काय त्ये लोकांना कळत न्हाय."

पिशवी उचलून ती गेली. त्यानंतर अंबाड्याची भाजी कधी माझ्या डब्यात आली नाही. आमचं बोलणं बंद झालं नाही, कामाचं सगळं बोलायची, हसून बोलायची. आपणहून काही सांगायची थांबली.

अहवाल मी लिहिला. मूळ आकडा कुठला, कधी बदलला, का बदलला, नोंद केली नव्हती, सगळं त्यात आहे. 'का' या एका शब्दापाशी तीन वेळा लिहून खोडलं. शेवटी 'लेखिकेच्या आग्रहामुळे' असं लिहिलं. हेवा हा शब्द अहवालात बसेना. साहेबांनी वाचून मान खाली घातली. मग एवढंच विचारलं, "त्या खानापूरच्या बाईंना कोण सांगणार?"

"मी सांगते," मी म्हटलं.

एकटीच गेले. पार्वतीकाकू परड्यात होत्या. म्हैस बरी दिसत होती, रवंथ करत बसली होती. मी कानाला हात लावून बघितला. गरम होता. पहिल्यांदाच लावला होता मी हात. मग काकूंना सगळं सांगितलं, त्यांना समजेल असं. पावडर माझ्या गणितामुळं चुकली, आणि ते गणित मी मुद्दाम फिरवलं होतं.

काकू म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत ऐकत होत्या.

"पर त्या डॉक्टरीनबाई येऊन गेल्या की. पावडर बदलून दिली, चार दीस म्हशीला बगाय येत हुत्या. चूक माजी हाय म्हनल्या."

"त्यांची नव्हती काकू. म्हणजे थोडी होती. मोठी माझी होती."

"मग त्यांनी समदी आपल्यावर का घेतली?"

इथंही ती माझ्या आधी पोचली होती, आणि जे सांगायला मी एवढी लांब आले होते, ते तिनं माझं नावसुद्धा न घेता सांगून टाकलं होतं. त्या परड्यात उभी राहून मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

काकूंनी माझ्या तोंडाकडं बघितलं. रागावतील असं वाटत होतं, पण त्या नुसत्या उठल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, "बसा बाई. एवढ्या उनातनं आलाय, च्या घेऊन जावा. दूद तेवढं इकतचं हाय."